घरी बांधलेल्या विमानाचे कूलंट होज: गोव्याच्या हवेत सांभाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळ घरामागच्या शेडमध्ये आम्ही तिघांनी मिळून दोन सीटचं किट विमान उभं केलंय, इंजिन रोटॅक्स ९१२. शेडमध्ये बघायला येणारे लोक, फोनवर विचारणारे लोक, सगळ्यांचे कूलंट होजबद्दलचे (म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव वाहून नेणाऱ्या रबरी नळ्यांबद्दलचे) प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. उड्डाणाच्या परवानग्यांचा विषय इथे नाही. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या ताब्यात, मोपा ५ जानेवारी २०२३ पासून सुरू, त्यामुळे कागद हातात आल्याशिवाय चाक जमिनीवरून उचलायचं नाही एवढं सगळ्यांना ठाऊक असेलच. आणि दुसरी गोष्ट आत्ताच सांगतो, इथे लिहिलेलं आणि तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं यात फरक दिसला तर मॅन्युअल खरं.

माझं इंजिन एअर-कूल्ड आहे, मला हे वाचायची गरज आहे का?

लायकमिंग, कॉन्टिनेंटल, जबिरू किंवा फोक्सवॅगनवरून केलेलं इंजिन असेल तर कूलंट नाही, म्हणजे नाही. पण तुमच्याकडे ऑइलचे आणि पेट्रोलचे होज आहेतच, त्यांना वयाचा आणि उष्णतेचा नियम तोच लागतो, तेवढा भाग वाचा. रोटॅक्स ९१२, ९१४, टू-स्ट्रोक ५८२, किंवा सुबारू, सुझुकीसारखं गाडीचं इंजिन विमानात घातलेले लोक, तुम्ही मात्र सगळं वाचा.

९१२ मध्ये कूलंट नेमकं कुठून कुठे जातं? होज किती आहेत?

लोकांना वाटतं पूर्ण इंजिन पाण्याने थंड होतं, तसं नाहीये. ९१२ चे सिलिंडर हवेने थंड होतात, फक्त हेड, म्हणजे सिलिंडरचं डोकं, कूलंटने. मागच्या बाजूला वॉटर पंप आहे, त्यातून चार होज चार हेडांना खालून जातात, हेडांच्या वरून चार होज निघून इंजिनाच्या डोक्यावरच्या एक्सपान्शन टँकमध्ये येतात, टँकमधून एक जाडा होज रेडिएटरला आणि रेडिएटरमधून दुसरा जाडा होज परत पंपाला. म्हणजे दहा होज झाले आणि त्यांची वीस टोकं, प्रत्येक टोकाला एक क्लॅम्प, म्हणजे होज आवळून धरणारी पट्टी. शिवाय टँकच्या कॅपपासून ओव्हरफ्लो बाटलीत जाणारा बारीक पाइप, तो मोजायला लोक विसरतात आणि तपासायलाही विसरतात.

वीस टोकं लक्षात ठेवा, कारण होज मधल्या भागात क्वचितच जातो, जातो तो टोकालाच.

होज किती वर्षांनी बदलायचे?

रोटॅक्सचं म्हणणं सरळ आहे, दर ५ वर्षांनी सगळं रबर बदला. कूलंटचे होज, ऑइलचे होज, रबराचे फ्युएल होज, कार्ब्युरेटरचे रबर सॉकेट आणि डायफ्रॅम, सगळं. हे ५ वर्षं कॅलेंडरचे आहेत, तासांचे नाहीत.

गाडीचं इंजिन बसवलेल्यांना असा छापील आकडा मिळत नाही, तेव्हा तुम्हीही ५ च धरा, त्यापेक्षा जास्त नको. गाडीत होज दहा वर्षं चालला होता हे कारण देऊ नका, गाडी रस्त्याच्या कडेला थांबवता येते.

आमचं विमान पाच वर्षांत जेमतेम ४० तास चाललंय, तरी बदलायचे?

हो. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्यामागची तळमळ कळते, सेट स्वस्त नाही आणि होज हातात घेतला तर नवाच वाटतो. पण रबर तासांनी म्हातारं होत नाही, दिवसांनी होतं. उलट कमी चालणाऱ्या विमानाचे हाल जास्त, कारण कूलंट एकाच जागी साचून असतं, क्लॅम्पखालचं रबर एकाच आकारात दबून तसंच राहतं आणि त्याचा परत फुगायचा गुण जातो, मग इंजिन तापून थंड झालं की टोकाला फट पडते. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर विमान शेडमध्ये उभंच असतं. म्हणजे ज्याला आपण "कमी वापर" म्हणतो ती होजच्या दृष्टीने सगळ्यात वाईट चाकरी.

आणखी एक गोष्ट. होज तुमच्या इंजिनावर चढला त्या दिवसापासून त्याचं वय सुरू होत नाही. चांगल्या होजवर बनवल्याची तारीख छापलेली असते, बऱ्याचदा वर्ष आणि तिमाही अशा रूपात. दुकानाच्या पोटमाळ्यावर तीन वर्षं पडलेला होज तुम्हाला नवा म्हणून मिळू शकतो. छाप वाचा, वाचता येत नसेल तर घेऊ नका.

बाहेरून होज काळा, गुळगुळीत, एकही चीर नाही. मग आत काय बिघडणार?

इथे जरा थांबून सांगतो, कारण आमच्या बाबतीत हेच झालं. ओव्हरफ्लो बाटलीतली पातळी प्रत्येक ग्राउंड रननंतर (जमिनीवरच इंजिन चालवून बघितल्यावर) केसभर खाली जात होती. खाली थेंब नाही, डाग नाही. दोन महिने आम्ही उन्हाळ्यामुळे उडत असेल असं समजून टॉप-अप करत राहिलो, ते चुकलंच. मग एका रविवारी इंजिन थंड असताना मी प्रत्येक होजचं टोक अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून दाबत गेलो, आणि रेडिएटरमधून पंपाला जाणाऱ्या होजच्या टोकाशी आत काहीतरी कुरकुरल्यासारखं लागलं, मधल्या भागात तसं काही नव्हतं. काढून उभा चिरला तर आतल्या अंगाला लांबीच्या दिशेने बारीक चिरा, धाग्याच्या थरापर्यंत गेलेल्या. बाहेरून तो होज कुणीही पास केला असता.

याचं कारण असं की होज, कूलंट आणि धातूची नळी मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यातल्या अतिबारीक विद्युतप्रवाहाने रबर आतून चिरत जातं, चिरेतून कूलंट धाग्यापर्यंत पोचतं, धागा कुजतो आणि मग एके दिवशी दाब आला की होज फुटतो. गेट्स या होज बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी यावर बरंच काम केलंय आणि त्यांचीच ही दाबून बघायची पद्धत आहे. टोकापासून साधारण दोन इंचाच्या आत दाबा, मग मध्यभागी दाबा, आणि दोन्हीतला फरक बोटांना जाणवतो का बघा. टोक मधल्यापेक्षा मऊ लागलं, आत खाच किंवा पोकळी जाणवली, कुरकुर लागली तर तो होज गेला. डोळ्यांनी दिसणारं त्यानंतर बघा: फुगवटा, ऑइल लागून चिकट झालेलं रबर, एक्झॉस्टजवळ कडक होऊन चकाकणारा भाग, क्लॅम्पच्या कडेला पांढरी, हिरवी किंवा गुलाबी पावडर. ती पावडर म्हणजे पाझरून सुकलेलं कूलंट, हाताने पुसून टाकून विसरायची गोष्ट नाही.

दर प्री-फ्लाइटला (उड्डाणाआधीच्या तपासणीला) एवढं सगळं होत नाही हे मान्य, पण काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, निघेल तेव्हा तरी करा, वीस टोकं दाबायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पावसाळ्यात विमान उभं असताना नेमकं काय करायचं?

गोव्यात चार महिने शेडमध्ये सगळं घामेजलेलं असतं, त्यात समुद्राकडची खारी हवा. होजला याचा त्रास कमी, क्लॅम्पला आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्याला जास्त. पण खरी भीती वेगळीच, उंदीर. बाहेर पाणी भरलं की ते कोरड्या उबदार जागेत शिरतात आणि काऊलिंगच्या आत त्यांना तयार घर मिळतं. होज कुरतडतात, आणि नेमका खालचा, मागचा, दिसायला अवघड असा. काऊलिंगच्या सगळ्या तोंडांना जाळी लावा, रंगीत पट्ट्या लटकवा म्हणजे काढायला विसरणार नाही. दर पंधरवड्याला बॅटरी घेऊन आत बघा, लेंड्या दिसल्या तर सगळं उघडायचं.

दुसरी कुंभारमाशी, म्हणजे मातीचं घरटं करणारी ती. ओव्हरफ्लो बाटलीच्या वेंटचं भोक तिला फार आवडतं. भोक बुजलं की तापलेलं कूलंट बाटलीत यायला किंवा थंड होताना परत ओढलं जायला अडथळा येतो आणि दोष मात्र तुम्ही कॅपमध्ये शोधत बसता. वेंटवर बारीक जाळी बसवा, कापडाचा बोळा नको, तो तसाच राहून जातो.

आम्ही चवथ झाली की, अनंत चतुर्दशीच्या आसपास, पूर्ण कूलिंग तपासणी करतो आणि दसऱ्याला इंजिनाची पूजा होते तोवर सगळं जागेवर आलेलं असतं. तुम्हीही सणाला जोडून ठेवा, विसरत नाही.

गाडीचा होज चालेल का? सिलिकॉनचा निळा होज घेऊ का?

कूलंटसाठी चांगल्या प्रतीचा गाडीचा ईपीडीएम रबराचा होज, आत धाग्याचं मजबुतीकरण असलेला, होमबिल्ट विमानांत बरेच लोक वापरतात आणि तो चालतोही. पण आकार बरोबर पाहिजे. जिथे वळण आहे तिथे साच्यात वळवलेला होजच घ्या, सरळ होज जबरदस्तीने वाकवला तर आत चिमटतो आणि प्रवाह कमी होतो. पंपाकडे खेचणाऱ्या बाजूला हे जास्त महत्त्वाचं, कारण तिथे होज गरम झाल्यावर मऊ होऊन आत चपटा होऊ शकतो, लांब होज असेल तर आत स्प्रिंग असलेला बघा. ईपीडीएमला पेट्रोल आणि ऑइल सहन होत नाही, फुगून मऊ होतो, म्हणून ऑइल गळत असेल तर आधी तो लीक बंद करा.

सिलिकॉनबद्दल माझं मत सांगतो. उष्णता जास्त सोसतो, वय जास्त, हे खरं. पण तो मऊ असतो, साधा पेचाचा क्लॅम्प त्याला पट्टीच्या खाचांतून कापतो, त्याला आतून गुळगुळीत पट्टीचे क्लॅम्पच लागतात. घासला गेला तर लवकर फाटतो. आणि त्यातून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर झिरपते, म्हणून लीक नसतानाही पातळी उतरते. हे सगळं सांभाळायची तयारी असेल तर घाला. रंग छान दिसतो एवढ्यासाठी घालू नका. ऑइल किंवा पेट्रोलला कूलंटचा सिलिकॉन होज कधीच नाही.

क्लॅम्प कुठले घ्यायचे? दुकानातले "स्टेनलेस" एका पावसाळ्यात गंजले.

आमचेही गंजले. दुकानदाराने स्टेनलेस म्हणून दिलेले, पट्टी खरंच स्टेनलेस होती, पण पेच साध्या लोखंडाचा, वर चकचकीत मुलामा दिलेला. सप्टेंबरात उघडायला गेलो तर पेच जागच्या जागी जाम. तेव्हापासून खिशात छोटं लोहचुंबक घेऊनच दुकानात जातो. पेचाला कडकडून चिकटलं तर परत ठेवा. चांगल्या स्टेनलेसला अगदी हलकं ओढ लागते किंवा लागतच नाही.

या बाबतीत खरे गुरू म्हणजे ट्रॉलरवर काम करणारे मेकॅनिक. मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीवर जाऊन कुणाही जुन्या माणसाला विचारा, खाऱ्या हवेत कुठला क्लॅम्प टिकतो ते तोंडपाठ असतं. ३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या दोन जाती, खाऱ्या हवेला ३१६ बरी, हे मला तिथल्या एका काकांनी शिकवलं, आणि पट्टीच्या आतल्या बाजूला जिथे हवा पोचत नाही तिथेच गंज आधी खातो हेही त्यांनीच क्लॅम्प उलटा करून दाखवलं.

प्रकार म्हणाल तर, स्प्रिंगचे पट्टी क्लॅम्प मला आवडतात, रोटॅक्सच्या स्वतःच्या छोट्या होजवर तेच येतात. रबर तापून फुगलं, थंड होऊन आकसलं तरी ते आपोआप दाब धरून ठेवतात. पेचाचे वापरले तर मापाचे घ्या, लांब शेपूट उरलेला क्लॅम्प नको, ती शेपूट शेजारच्या होजला घासते. स्प्रिंग क्लॅम्प जुना झाला की ढिला होतो, होज बदलताना तोही बदला.

जुना होज निघतच नाही, काय करू?

पिळू नका. हेडवरचे एल्बो (वाकड्या नळ्या) आणि पंपाचे तोंड नाजूक असतात, होज पिळला की एल्बोच फिरतो, मग एका होजच्या नादात हेडचं काम निघतं. क्लॅम्प मागे सरकवा, धारदार कटरने होज लांबीच्या दिशेने उभा चिरा, पात्याचं टोक धातूला लागणार नाही इतकंच खोल, आणि साल सोलल्यासारखा उघडून काढा. जुना होज कुठल्याही परिस्थितीत परत लावायचा नाहीये, मग त्याच्यावर दया कशाला.

उघडं पडलेलं तोंड बघा. अल्युमिनियमवर पांढरे खड्डे पडलेले असतील, पावडर साचली असेल तर नायलॉनच्या ब्रशने साफ करा. पॉलिश पेपरने आडव्या दिशेने गोल घासा, लांबीच्या दिशेने ओरखडे पडले तर त्याच ओरखड्यातून कूलंट वाट काढतं. खड्डे खोल असतील तर तो पार्ट बदला, त्यावर सीलंट थापून भागवू नका.

आणि हो, सगळे होज एकदम सोडू नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, मग एक काढा, एक लावा.

नवीन होज बसवायची पद्धत काय?

मापाला जुना होज ठेवा पण डोकं वापरून, जुना पाच वर्षांत वाकून बसलेला असतो. टोक एकदम काटकोनात, स्वच्छ कापलेलं पाहिजे. आत शिरलेला रबराचा भुगा झटकून फुंकून काढा, तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. सरकवायला थोडं कूलंट किंवा साधं पाणी लावा. ग्रीस, ऑइल अजिबात नाही.

होज नळीच्या उंचवट्याच्या पार पलीकडे गेला पाहिजे आणि क्लॅम्प त्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही, अगदी होजच्या काठावरही नाही. क्लॅम्पचं डोकं असं फिरवून ठेवा की नंतर स्क्रूड्रायव्हर पोचेल, आणि ते फ्युएल लाइनला किंवा वायरला टेकणार नाही. पेच घट्ट करताना रबर पट्टीच्या खाचांतून बाहेर डोकावायला लागलं म्हणजे जास्त झालं.

इंजिन रबराच्या माउंटवर डुलतं, विशेषतः सुरू आणि बंद करताना चांगलंच हलतं. रेडिएटर किंवा फायरवॉलशी (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीशी) जोडलेल्या होजला त्या हलण्याइतकी ढील ठेवा. हाताने इंजिन हलवून बघा, होज कुठे ताणतोय, कुठे घासतोय. एक्झॉस्टपासून जितकं दूर नेता येईल तितकं न्या, जिथे जागाच नाही तिथे पत्र्याचं उष्णतारोधक कवच एक्झॉस्टच्या बाजूला लावा. फायर स्लीव्ह (होजवर चढवायचं आगरोधक आवरण) घातला तर ठीक, पण त्याखालचा होज दिसत नाही आणि दाबूनही कळत नाही, म्हणून त्याची तारीख तरी काटेकोर पाळा.

कूलंट कुठलं? आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, ते चालेल का?

पिण्याला गोड म्हणजे इंजिनाला गोड असं नाही. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, किनाऱ्याजवळच्या विहिरीत क्लोराइडही, ते अल्युमिनियम खातात आणि तापल्यावर क्षार आत थरासारखे बसतात. डिस्टिल्ड वॉटरच. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, अल्युमिनियम इंजिनासाठीचं कूलंट, आणि ब्रँड किंवा प्रकार मिसळायचा नाही. रंगावरून ओळखू नका, हिरवा, लाल, गुलाबी हे कंपनीच्या मर्जीचे रंग, दोन वेगळ्या रसायनांचे कूलंट मिसळले तर चिखलासारखा गाळ होऊ शकतो. गोव्यात बर्फ नाही मग कूलंट कशाला असं विचारणारे भेटतात, त्यांना सांगतो की ते गोठू नये एवढ्यापुरतं नसतं, त्यात गंजरोधक असतं आणि उकळबिंदूही वर जातो. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर साधारण १०७-१०८ डिग्रीला उकळतं, १.२ बार दाबाच्या कॅपखाली ते १३० च्या आसपास जातं.

बिनपाण्याचं कूलंट पण मिळतं, ते खूप वरच्या तापमानाला उकळतं आणि दाबही कमी राहतो, पण ते उष्णता कमी वाहून नेतं त्यामुळे हेड जास्त गरम चालतं, आणि सिस्टममध्ये पाणी शिल्लक राहिलं तर त्याचा उपयोगच नाही. एकदा ते भरलं की लांबच्या प्रवासात टॉप-अपलाही तेच लागणार. आमच्या हवेत मी साध्या निम्म्या-निम्म्यावर समाधानी आहे आणि दर दोन वर्षांनी सगळं काढून नवीन भरतो.

भरल्यावर हवा कशी काढायची?

आधी दोन्ही इग्निशन स्विच बंद, चाकांना ठोकळे, शेपूट बांधलेलं. मग टँकमधून हळूहळू भरा, घाई केली की बुडबुडे अडकतात. मध्ये मध्ये होज हाताने दाबत राहा, बुडबुडे वर येताना ऐकू येतात. प्रोपेलर हाताने फिरवायचा तर चालतो त्याच दिशेने, उलटा कधीच नाही, ९१२ मध्ये उलटा फिरवल्याने ऑइल सिस्टममध्ये हवा जाऊ शकते. टँक काठोकाठ, बाटली किमान-कमाल खुणांच्या मध्ये, आणि बाटलीतला पाइप कूलंटमध्ये बुडालेला पाहिजे. तो हवेत लटकत असेल तर इंजिन थंड होताना कूलंटऐवजी हवा ओढेल आणि तुमची सगळी मेहनत वाया. टँक हा सिस्टममधला सर्वात उंच बिंदू असलाच पाहिजे, कुणी रेडिएटर त्याच्याही वर बसवला असेल तर ती हवा निघणारच नाही, मांडणीच बदलावी लागेल.

पहिल्या रननंतर काय बघायचं?

थोडा वेळ चालवा, तापमान वर येऊ द्या, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. पूर्ण म्हणजे कॅपवर हात ठेवता येईल इतकं. गरम कॅप उघडली तर उकळतं कूलंट तोंडावर येतं. थंड झाल्यावर टँक उघडून पातळी बघा, बहुतेक वेळा थोडी उतरलेली असते. भरा, पेचाचे क्लॅम्प थंड अवस्थेत परत एकदा तपासा, रबर बसलेलं असतं. असे दोन-तीन रन झाल्यावर पातळी स्थिर राहिली तर काम झालं. खाली पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवा, एक थेंब पडला तरी दिसतो.

पातळी उतरते आणि लीक कुठेच दिसत नाही?

क्रमाने जा. प्रेशर टेस्टर मिळाला तर सर्वात उत्तम, गाडीच्या चांगल्या गॅरेजमध्ये असतो, फक्त टँकच्या तोंडाला बसणारा ॲडॅप्टर पाहिजे. इंजिन थंड असताना कॅपच्या आकड्याइतका दाब द्या, त्याहून जास्त नाही, आणि सुई उतरते का बघा. मग पंपाच्या खालचं छोटं भोक, तिथून ओल दिसली तर पंपाचं सील गेलंय, भोक बुजवायचं नाही, ते दाखवण्यासाठीच ठेवलंय. मग कॅपचं रबर. काही जण हीटर कॉइल केबिनमध्ये घेतात, तिथे मॅटच्या खाली हात लावून बघा. ऑइल दुधाळ दिसलं किंवा टँकमध्ये सतत बुडबुडे येत राहिले तर विषय होजचा नाही, हेडचा आहे, उडायचं थांबवा.

कॅपवर आकडे लिहिलेत त्याचा अर्थ काय?

किती दाबाला ती उघडते ते. ९१२ मध्ये जुन्या ०.९ बारच्या आणि नंतरच्या १.२ बारच्या कॅप आढळतात, तुमच्या इंजिन नंबरला कुठली ते मॅन्युअलमध्ये बघून तीच. होजबरोबर कॅपही नवीन घ्या, त्यातली रबराची चकतीही त्याच वयाची असते.

हवेत असताना होज गेला तर कळेल कसं आणि करायचं काय?

गोडसर वास येतो, काचेवर धुकं किंवा चिकट तुषार बसतात, कधी काऊलिंगमधून पांढरी वाफ दिसते आणि लोक तो धूर समजतात. गेजवर आंधळा विश्वास ठेवू नका. ज्या इंजिनात सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो तिथे कूलंटच निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि आकडा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो किंवा उगाच शांत दिसू शकतो. जुन्या ९१२ च्या हेडमध्ये सेन्सर धातूचं तापमान मोजतो, तिथे आकडा चढताना दिसतो. तुमच्याकडे यातला कुठला आहे हे आजच बघून पॅनेलवर चिठ्ठी लावा. नवीन हेडला साध्या कूलंटवर १२० डिग्री ही मर्यादा आहे.

करायचं ते असं: पॉवर कमी, पण उंची हातची जाऊ न देता, आणि सगळ्यात जवळची उतरण्याजोगी जागा. घरची पट्टी दहा मिनिटांवर आहे म्हणून ताणायचं नाही. आपल्याकडे खाली भातशेती, माड आणि घाटाचं जंगल, जागा शोधायला वेळ लागतो, म्हणून निर्णय पहिल्या वासाला. उतरल्यावर आगीचा विचार ठेवा, कूलंटमधलं पाणी तापलेल्या एक्झॉस्टवर उडून गेलं की मागे राहिलेलं ग्लायकॉल पेट घेऊ शकतं.

एकच होज खराब निघाला, फक्त तोच बदलला तर?

बाकीचे कोवळे असतील, एक-दोन वर्षांचे, आणि हा एक घासून किंवा उंदराने गेला असेल तर तोच बदला. आतून चिरून गेला असेल तर बाकीचे नऊ त्याच वयाचे, त्याच कूलंटमध्ये राहिलेले आहेत. पूर्ण सेट घाला. आम्ही तेव्हा नऊ होज काढून चिरून बघितले, त्यातल्या आणखी दोघांत सुरुवात झालेली होती.

सामान गोव्यात मिळतं का?

साच्यातले रोटॅक्सचे होज नाही, ते मागवावेच लागतात, आणि दोन महिने आधी मागवा म्हणजे पावसाळा संपताना हातात असतात. डिस्टिल्ड वॉटर, कूलंट, सरळ ईपीडीएम होज, मापाचे क्लॅम्प हे मडगाव, वास्को, म्हापशाला मिळून जातं. जास्त निवड हवी असेल तर बेळगाव.

सांडलेलं आणि जुनं कूलंट?

ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी आहे, कुत्रं, मांजर चाटतं आणि किडन्या जातात, लहान मुलांनाही तीच भीती. परात ठेवून काढा, लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात लिहा, प्यायच्या पाण्याच्या बाटलीत कधीच नाही. कुणाच्या पोटात गेलं असं वाटलं तर लक्षणं दिसायची वाट न बघता थेट हॉस्पिटल, त्यावर उतारा आहे पण वेळेत द्यावा लागतो. गटारात, विहिरीजवळ, शेतात ओतू नका. घातक कचरा रीतसर उचलून नेणारी सोय असलेल्या वर्कशॉपशी बोलून तिथे द्या, इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका.

लॉगबुकमध्ये काय लिहायचं?

तारीख, इंजिनाचे तास, कुठला होज कुठून कुठे, होजवरची बनवल्याची तारीख, क्लॅम्पचा प्रकार, कूलंटचं नाव, कॅपचा आकडा, दाब चाचणीचा निकाल, आणि पुढची तारीख. आम्ही प्रत्येक होजला बारीक टॅग पण बांधतो आणि घट्ट केलेल्या पेचावर रंगाची एक रेघ मारतो, पेच हलला की रेघ तुटलेली दिसते. काम ज्याने केलं त्याने सही करायचीच, पण काऊलिंग लावायच्या आधी दुसऱ्या माणसाने वीसच्या वीस टोकं हात लावून मोजायची. आमच्याकडे हे काम माझ्या धाकट्या भावाचं आहे, आणि तो "वीस" म्हणेपर्यंत मी काऊलिंगच्या पेचाला हात लावत नाही.